अर्नहार्टसाठी निघालेली बस: ही भक्ती म्हणायची का?

वाचनवेडी
अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगच्या चाहत्यांवरची एक इंग्रजी कादंबरी वाचली. डेल अर्नहार्ट हा नावाजलेला रेसर गेल्यावर त्याचे चाहते बसने एकेका ट्रॅकला जाऊन त्याला श्रद्धांजली वाहतात, कथानक एवढंच. आमच्या ग्रुपात लगेच नाकं मुरडली, गाड्या गोल फिरवणाऱ्यासाठी एवढं काय रडायचं म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. कॅनापोलिस म्हणजे कापडगिरणीचं गाव, तिथला नववीत शाळा सुटलेला पोरगा सात वेळा चॅम्पियन होतो, मग गॅरेजात राबणाऱ्याला तो आपला वाटणारच ना! १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या रेसमध्ये शेवटच्या लॅपला तो गेला, आणि मग त्या सीझनभर तिसऱ्या लॅपला लोक तीन बोटं वर करून उभे राहायचे, टीव्हीवरचे कॉमेंटेटरसुद्धा गप्प, कारण त्याची काळी गाडी ३ नंबरची. याला भक्ती नाही तर काय म्हणायचं?

गियरबदल
दुःख मान्य, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. त्या अपघातात स्टर्लिंग मार्लिनची गाडी त्याच्या गाडीला लागली होती, तर या चाहत्यांतल्याच काहींनी मार्लिनला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. शेवटी डेल ज्युनियरने, म्हणजे ज्याचा बाप गेला त्यानेच, सांगितलं की त्याला दोष देऊ नका. आणि १९९९ ची ब्रिस्टलची रेस आठवा, शेवटच्या लॅपला टेरी लबॉन्टीला मागून ठोकून हा जिंकला, स्टँडमधून केवढी हुर्यो उडाली होती.

वाचनवेडी
धमक्या देणारे नालायकच, पण त्यांच्यापायी बसमधल्या सगळ्यांना का झोडपायचं? आणि त्याची दांडगाई चाहत्यांपासून लपलेली थोडीच होती, म्हणून तर आवडायचा तो.

शार्लटकर
मी इथे शार्लटलाच राहतो, कॅनापोलिस जवळच आहे. तिथल्या पुतळ्याच्या अंगावर रेसचा सूट नाही, साधी जीन्स आणि हाताची घडी, त्यामुळे वाचनवेडी म्हणतात ते आपलेपण मला दिसतं. पण तुम्ही दोघंही एक गोष्ट विसरताय. २००० मध्ये अ‍ॅडम पेटी आणि केनी अर्विन हे ड्रायव्हर न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकला एकाच वळणावर, वेगवेगळ्या अपघातांत गेले, ऑक्टोबरात टेक्सासला टोनी रोपर. अ‍ॅडम तर फक्त १९ वर्षांचा. डोकं-मान धरून ठेवणारं हान्स डिव्हाइस तेव्हा मिळत होतं, अर्नहार्टला ते नको होतं. तो गेला तेव्हा कुठे, ऑक्टोबर २००१ मध्ये, या रेस भरवणाऱ्या नॅसकारने असं साधन सक्तीचं केलं, आणि अर्नहार्टनंतर नॅसकारच्या सगळ्यात वरच्या कप सिरीजच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर गेलेला नाही. त्या तिघांसाठी कोण बस काढणार?

गियरबदल
हेच म्हणायचं होतं मला, नीट सांगता येत नव्हतं. मोठं नाव गेल्याशिवाय कुणी हलत नाही याचाच संताप येतो.

वाचनवेडी
संताप बरोबर आहे, पण तो नॅसकारवर काढा ना, चाहत्यांवर कशाला? आणि अ‍ॅडमला लोक विसरलेत असंही नाही. त्याच्या आईवडलांनी आजारी मुलांसाठी व्हिक्टरी जंक्शन नावाचा कॅम्प काढलाय, २००४ पासून चालू आहे. वडील काइल पेटी या कॅम्पसाठी मोटारसायकलींचा ताफा घेऊन राज्याराज्यातून फिरतात, पैसे जमवतात, आणि वाटेत पैसे द्यायला येतात ते हेच रेसिंगवाले लोक.