उपासना ‘घ्यायची’, ‘चालवायची’ की ‘लीड’ करायची?

पिंपळपान
नमस्कार. आमच्या चर्चमध्ये (सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, पुणे) महिन्यातून एका रविवारी पाळकांऐवजी मंडळीतल्या कुणीतरी उपासना सांभाळायची असं ठरलंय. आगमनकाळाचा (नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा) दुसरा रविवार माझ्या वाट्याला आलाय. पत्रकावर माझ्या नावापुढे ‘उपासना नेतृत्व’ छापलंय. आजी विचारते, “या रविवारची भक्ती तू चालवणार होय?” तरुण संघातले म्हणतात, “वर्शिप तू लीड करतेयस ना?” आणि पाळकसाहेब म्हणाले, “या वेळची उपासना तुम्ही घ्या.” चौघे एकच काम सांगतायत का? आणि आधीच्या तयारीला, म्हणजे गीतं, पाठ, प्रार्थना ठरवण्याला, काय म्हणायचं? आखणे, रचणे, बसवणे?

जुनी_पाटी
आधी नामं. उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. भक्तीच्या मुळाशी ‘भज्’ आहे. त्यात वाटा घेणं आणि सेवा करणं दोन्ही येतं. आराधनेत ‘राध्’ आहे, म्हणजे प्रसन्न करून घेणं. तिन्ही शब्द ख्रिस्ती मराठीने जुन्या घरातूनच उचलले. मजा अशी, की बाकी मराठीत भक्ती हा भाव आहे. ती ‘जडते’, ‘करतात’, पण ‘साडेनऊला सुरू’ होत नाही. तुमच्या आजींच्या मराठीत मात्र ती सुरू होते, सुटते, कधी लांबतेही. ही ख्रिस्ती मराठीची स्वतःची कमाई आहे, ती टाकू नका.

क्रियापदांचं म्हणाल तर ‘उपासनेचं नेतृत्व’ मला खटकतं. नेतृत्व मोर्चाचं, पक्षाचं, संघाचं. त्यात एक पुढे आणि बाकीचे मागे. ‘घेणे’ म्हटलं की तास घेणे, परीक्षा घेणे, शिकवणी घेणे आठवतं. एक देणारा, बाकीचे बाकांवर. ‘चालवणे’ बरं. सभा चालवणारा सभा स्वतः ‘करत’ नाही, सभा लोकांची असते. तसंच उपासना मंडळी करते, तुम्ही ती चालवता. माझं मत आजींना.

वसईची_वाट
आमच्या कॅथॉलिकांकडे हा प्रश्न येतच नाही. मिस्सा (आमची मुख्य उपासना) फादर अर्पण करतात, आपण मिस्सेला जातो. शब्द पोर्तुगीजांबरोबर आला (वसई त्यांच्याकडे 1534 ते 1739). त्यामागे लॅटिन ‘मिस्सा’ आहे, शेवटच्या ‘इते, मिस्सा एस्त’ या निरोपातला. म्हणजे अख्ख्या विधीला नाव मिळालं ते घरी पाठवण्याच्या वाक्यावरून!

कोकणीत अजून ‘मीस आयकप’ म्हणतात, मिस्सा ‘ऐकणे’. विधी लॅटिनमध्ये व्हायचा तेव्हा बहुतेकांच्या हाती ऐकण्यापलीकडे फार काही नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हवा असं स्पष्ट म्हटलंय, आणि लोकभाषेलाही त्यातूनच वाट मिळाली. त्यानंतर पाठ वाचणारे, गायनाला सुरुवात करून देणारे, श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हणणारे असे साधे लोक पुढे आले. पण ‘मिस्सा मी चालवली’ असं त्यांतलं कुणी म्हणणार नाही. ‘मी पहिलं वाचन केलं’, एवढंच. कामाचा नेमका तुकडा सांगायचा.

सरळ_रेघ
लिटर्जी (उपासनाविधी) या शब्दाचा मूळ अर्थच ‘लोकांनी केलेलं काम’ असा आहे ना? मग ‘चालवणे’ सुद्धा जास्तच झालं.

जुनी_पाटी
ही व्युत्पत्ती प्रवचनांतून फार फिरते, पण अर्धीच खरी आहे. प्राचीन अथेन्समध्ये ‘लीतुर्गिया’ म्हणजे एखाद्या धनिक नागरिकाने पदरचा पैसा घालून करायचं सार्वजनिक काम. नाटकाच्या गायकवृंदाचा खर्च किंवा लढाऊ गलबताचा खर्च, अशी कामं. म्हणजे लोकांनी केलेलं नव्हे, लोकांसाठी केलेलं. पिंपळपान यांच्या कामाशी हा अर्थ जास्त जुळतो असं मला वाटतं. घाम एकाचा, उपयोग सगळ्यांचा.

पेटीवाले_काका
‘वर्शिप’बद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. हल्ली “आधी वर्शिप, मग संदेश” असं सर्रास ऐकू येतं. म्हणजे वर्शिप हा फक्त गाण्यांचा भाग झाला आणि शास्त्रपाठ, पापांगीकार, अर्पण, मध्यस्थीची प्रार्थना हे सगळं वर्शिपच्या बाहेर पडलं. ‘आराधना’चंही तेच व्हायला लागलंय, आराधना म्हणजे गिटार लागलेली वीस मिनिटं. शब्दाने उपासनेचे दोन तुकडे केले, माझी तक्रार तिथे आहे. गिटारवर राग नाही.

‘बसवणे’ नको. नाटक बसवतात, नाच बसवतात. गीताला चाल लावतात आणि कीर्तनकार आख्यान ‘लावतो’. कीर्तन आपल्याला परकं नाही. एकोणिसाव्या शतकात नगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. पुढे ना. वा. टिळकांनी (त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा) अभंगाच्या आणि भजनाच्या घाटात इतकं लिहिलं, की ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतपुस्तक उघडलं आणि टिळक दिसले नाहीत असं होतच नाही.

ताई, एक कामाचं सांगतो. गीत निवडताना शब्द बघालच, पण पट्टी आधी ठरवा. सकाळी गळे उघडलेले नसतात. पेटीवाला स्वतःच्या सोयीने काळी चार धरतो, बायका कशाबशा पोचतात, पुरुष दुसऱ्या कडव्याला गप्प. पांढरी एक किंवा काळी एक धरायला सांगा. आणि नवी चाल असेल तर ती पहिल्या गीताला कधीच नको. पहिलं गीत डोळे मिटून म्हणता येईल असं.

पिंपळपान
काका, पट्टीचं डोक्यातच नव्हतं. आभारी आहे. तयारीला मग ‘आखणे’ म्हणू?

सायंप्रार्थना
जय ख्रिस्त. पाळक म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे लांबेल.

‘आखणे’ चालेल, पण मी ‘बांधणे’ म्हणेन. आखणीत वेळ बसतो; बांधणीत गाठी मारायच्या असतात. आपल्या पाठांचेच पाहा. रविवारी वाचायच्या शास्त्रपाठांच्या तीन वर्षांच्या चक्रातील पहिल्या वर्षी आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी यशया 11, स्तोत्र 72, रोम 15 आणि मत्तय 3 हे पाठ येतात. यशयात इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटतो. मत्तयात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो की झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे. पौल रोमच्या मंडळीला लिहिताना यशयाचे तेच इशायाचे मूळ पुन्हा काढतो. बुंधा, मूळ, कुऱ्हाड, धुमारा: उपासना येथेच बांधली गेली. पापांगीकार कुऱ्हाडीच्या बाजूने लिहा, मध्यस्थीची प्रार्थना धुमाऱ्याच्या बाजूने, आणि गीते या दोहोंच्या मधून जाऊ द्या. आधी चार आवडती गीते काढून मग त्यांना शोभेल असे वचन शोधू नका. बहुतेक नवशिके तेच करतात, आणि काही जुनेही.

पाठ वाचणाऱ्याला आदल्या दिवशीच कागद द्या. ‘यशया’ संदेष्टा आणि ‘इशाय’ दाविदाचा बाप, हे दोघे एका श्वासात आले की भल्याभल्यांची जीभ अडखळते.

आता सर्वनामे. चालवणाऱ्याची खरी परीक्षा तेथे असते. मंडळीशी बोलताना ‘आपण’: “आपण उभे राहून गाऊ या.” देवाशी बोलताना ‘आम्ही’: “हे पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो.” हल्ली प्रार्थनेत “आपण तुझे उपकार मानतो” असे ऐकतो. डोळे मिटलेले असतात, पण बोलणे बाकांकडेच चाललेले असते. मराठीत ‘आपण’ म्हटले की ज्याच्याशी बोलतो तोही त्यात आला. देव स्वतःचेच उपकार कसे मानील?

सूचना मध्ये घालू नका. आणि “आता मी आपणांस नम्र विनंती करते की आपण सर्वांनी कृपया” हे कृपया टाळा. गीताचा क्रमांक सांगा, दोनदा सांगा, थांबा. पाने उलटण्याचा आवाज बंद झाला की पेटीला खूण करा.

सरळ_रेघ
साहेब, शेवटचा आशीर्वाद तिने म्हणायचा का? ती दीक्षित नाही, म्हणजे पाळकपदाची दीक्षा तिला मिळालेली नाही.

सायंप्रार्थना
पाळक हजर असतील तर त्यांनीच द्यावा. नसतील तर तिने तो प्रार्थना म्हणून म्हणावा. दीक्षित सेवक “कृपा, प्रीती व सहभागिता तुम्हा सर्वांसह असो” असे हात उंचावून म्हणतो. इतरांनी हात न उंचावता, ‘तुम्हा’च्या जागी स्वतःला धरून म्हणायचे, अशी रीत आहे. इंग्रजीत त्यासाठी शब्द बदलला की बदल लगेच कानाला कळतो. मराठीत “आपणा सर्वांसह असो” म्हटले की ‘आपणा’मध्ये तीही येते, आणि आदरार्थी ऐकणाऱ्याला तो ‘तुम्हा’ही वाटतो. कोणी हरकत घेत नाही.

जुनी_पाटी
इतकी सोय करून देणारं सर्वनाम आहे, तर पत्रकावरचं ‘नेतृत्व’ तेवढं खोडून घ्या.

पिंपळपान
पत्रक उद्या छापायला जातंय. ‘उपासना चालवणार’ असं लिहून पाठवलंय. यशया आणि इशाय दोन्ही नावं ठळक करून वाचणाऱ्या काकूंना कागद दिलाय. पेटीवाल्या दादांना पांढरी एक सांगितली, तर ते म्हणाले, “बघू.”

पेटीवाले_काका
“बघू” म्हणाले म्हणजे काळी चारच धरणार. शनिवारी संध्याकाळी एकदा बसा त्यांच्याबरोबर.