वडिलांच्या डब्यातली दोन नाणी: टांकसाळीतली चूक की नंतरची नासधूस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रोज रात्री खिशातली मोड एका डब्यात टाकायची वडिलांची सवय होती. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला. पुढच्या आठवड्यात ही नाणी बँकेत भरायची आहेत, म्हणून लावायला बसलो आणि दोन नाण्यांवर अडलो.

पहिल्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा तुकडाच नाही. त्याच प्रकारच्या धड नाण्यापेक्षा ते वजनाला कमी भरतं. मला खटकलं ते वेगळंच. तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बसकी आहे, जवळजवळ सपाट. झिजलं असेल म्हणावं, तर बाकीची कड नव्यासारखी उभी आहे.

दुसऱ्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. दहा पट भिंगाखाली शेवटच्या आकड्याच्या उजव्या अंगाला खालच्या पातळीवर एक सपाट पायरी दिसते. अमेरिकेच्या १९५५ च्या दुहेरी छापाच्या सेंटबद्दल वाचलंय, म्हणून आशा वाटली.

दोन्ही नाणी अजून धुतलेली नाहीत. दुसरं पावडरीने घासणारच होतो, धाकट्या भावाने हात धरला. विकायची घाई नाही. पण वडिलांच्या हातून आलेलं काही खरंच दुर्मीळ असेल, तर ते न कळता माझ्या हातून जायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

भावाचे आभार माना! घासल्यावर मूळ झळाळी जाते, ती परत आणता येत नाही, आणि संग्राहक असं नाणं लगेच ओळखतात.

पहिलं नाणं जपून ठेवा. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या छाटताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती चंद्रकोरीएवढा तुकडा कमी होऊन निघते. छाप मारण्याआधी चकती दाबून फिरवत तिची कड उचलतात. तुकडा नसलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरची कडही नीट उचलली जात नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. प्रत्येक खऱ्या तुटक्या नाण्यावर तो दिसतोच असं नाही, पण नंतर कानस मारून तो आणता येत नाही. तुटीजवळची अक्षरंही बघा. ती तुटीकडे ओघळल्यासारखी पसरट असतील तर शंका आणखी कमी होईल. अक्षर मधूनच सरळ कापलं गेलं असेल, तर मात्र कुणीतरी नंतर कापलंय.

दुसऱ्यावर फार आशा ठेवू नका. १९५५ च्या सेंटमध्ये दोष साच्यातच होता. साचा घडवताना मूळ ठसा त्यावर दोनदा, किंचित फिरून बसला, त्यामुळे त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरं उमटली. तिथे दोन्ही आकडे गोलसर आणि उठावदार असतात, टोकांना खाच दिसते. तुम्ही सांगता ती सपाट पायरी सैल साचा छापताना हलला की पडते. असं वरचेवर घडतं, त्याला वेगळी किंमत येत नाही.

डबा रिकामा करण्याआधी प्रत्येक नाण्याचं साल बघा. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्यावरचं साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूला आणलं. नवी मागची बाजू आणि जुनी पुढची बाजू असे साचे एकत्र लागले, आणि साल नसलेली नाणी चलनात गेली.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद. आत्ताच पुन्हा भिंग लावलं. तुटीजवळचं शेवटचं अक्षर बुडाशी रुंद होत कडेकडे पसरलंय, कापलेलं नाही. हे नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवलंय. दुसरं परत डब्यात टाकलं. निम्मा डबा पाहून झालाय, उरलेला उद्या.