आइस्क्रीम करून दुग्धशास्त्र शिकता येते का?

प्रश्न (कोथरूड): अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात १८९२ पासून आइस्क्रीमचा लघुअभ्यासक्रम चालतो. माझी मुलगी बारावीनंतर दुग्धतंत्रज्ञानाकडे वळू पाहते आहे. आइस्क्रीम करून नेमके काय शिकता येते?

उत्तर १: जवळजवळ सगळेच. पाश्चरीकरणानंतर मिश्रण सुमारे ४ अंश सेल्सिअसला काही तास मुरवतात, कारण त्या अवधीत स्निग्धांशाचे स्फटिक बनतात आणि प्रथिने पाणी धरून ठेवतात. ही पायरी गाळणाऱ्या विद्यार्थ्याला आपली चूक जिभेवरच कळते.

उत्तर २: हवेचे गणितही असते: मिश्रण घुसळताना त्यात हवा मिसळते, आणि हवा जितकी जास्त तितके आइस्क्रीम हलके. म्हणूनच आपल्याकडे आइस्क्रीमचे वजन लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. (मस्तानीवरचा गोळा आता तोलून पाहावासा वाटेल!)

प्रश्नकर्ती: दूधपावडर जास्त पडल्यास ते रवाळ का लागते?

उत्तर १: दुग्धशर्करेचे स्फटिक बनतात म्हणून.