भटक्या-आदिवासींच्या फिल्म शाळांत दाखवायच्या, पण पहिला खेळ कुठं?

रंकाळाकाठ:
आम्ही काही मित्र जानेवारीपासून एक उपक्रम सुरू करतोय. आदिवासी आणि भटक्या समाजांवरच्या फिल्म कोल्हापूर शहरातल्या शाळांत दाखवायच्या आणि फिल्म संपली की त्या समाजातल्या जाणत्या माणसाला मुलांसमोर तासभर बोलतं करायचं. शेवटचा खेळ शाहू स्मारकच्या सभागृहात, सगळ्यांसाठी. शिवाय धनगरी ओव्यांवर आपणच एक छोटी फिल्म करायची.

आपल्या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या शेकडा एकसुद्धा नाही. इथल्या पोराला आदिवासी भेटतो तो भिंतीवरच्या वारली चित्रात, नाहीतर गॅदरिंगमध्ये पानं गुंडाळून नाचताना. आणि हे कुठल्या गावात? जिथं बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२० ला 'सैरंध्री' आणली, १९२५ ला 'सावकारी पाश'मध्ये कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी पडद्यावर उभा केला. प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९२९ ला इथंच सुरू झाली. आपण अजून त्याच आठवणींना हार घालत बसलोय.

कॅनडाच्या उत्तरेला इग्लूलिक नावाचं इनुइट लोकांचं गाव आहे. टीव्ही हवा का, असं १९७५ आणि १९७९ ला मतदान झालं. गावानं दोन्ही वेळा नको म्हणून सांगितलं, कारण त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काहीच दिसणार नव्हतं. १९८१ ला इनुइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, त्यानंतर गावानं टीव्ही घेतला. त्याच गावच्या झकारियास कुनुकनं 'अटानारजुअट' हा पूर्ण इनुक्टिटुटमधला चित्रपट केला आणि २००१ ला कान महोत्सवात त्याला कॅमेरा दोर, म्हणजे दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार, मिळाला. हे तिथं जमतं, मग इथं का नाही?

माळावरचा:
चांगलं हाय. तुम्ही इनुइट सांगितलं, मी अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींचं सांगतो. १९६६ ला सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अभ्यासक नावाहो लोकांना फिल्म करायला शिकवायला ॲरिझोनात गेले. तिथल्या सॅम याझी नावाच्या म्हाताऱ्या जाणत्यानं विचारलं, ह्यानं मेंढरांचं काही वाईट होईल का? नाही म्हणाले. मग चांगलं होईल का? तेबी नाही. मग कशाला करायच्या फिल्म, म्हणाला म्हातारा.

माझा सवाल तोच. मी हातकणंगल्याकडचा, चुलते अजून बकरी, म्हणजे आमची मेंढरं, घेऊन कोकणात उतरत्यात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रंत भंडारा उधळायला लागला की ड्रोन काय, कॅमेरे काय, फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भविष्य, ऐकायला आमच्याच माणसाला जागा मिळत नाही. अवकाळीत उघड्यावर बकरी काकडून मरत्यात तवा एक कॅमेरावाला दिसंल तर शपथ. लोकर विकून कातरणावळसुद्धा निघत नाही, घोंगडी विणणाऱ्या सनगरांचे माग बंद पडल्यात, आणि आम्हाला घोंगडं पांघरून फोटोला उभं करत्यात. शहरातली पोरं टाळ्या वाजवतील, आमचं काय?

आणि ओवीची 'छोटी' फिल्म म्हणजे किती? दहा मिनिटं? सुंबरान मांडलं, म्हणजे देवाच्या ओव्या गायला बसलं, की रात्र जाते मर्दा.

डोंगरातल्या बाई:
मी धनगरवाड्यावरच्या मुलांना शिकवते. आधी एक सांगते, धनगर म्हटलं की सगळ्यांना बकरीच दिसतात. आमच्याकडचे गवळी धनगर, त्यांच्या म्हशी. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या रानातलं जगणं माळावरच्यापेक्षा पार वेगळं आहे. 'धनगरी संस्कृती' म्हणून एकच फिल्म काढलीत तर आमचे वाडे त्यात सापडणारच नाहीत.

तरी मी या उपक्रमाच्या बाजूची आहे. वाड्यावरची मुलं खाली हायस्कूलला गेली की स्वतःची बोली गिळून टाकतात. एका मुलीनं आजीचा म्हशींना साद घालतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता, तो मी वर्गात लावला. आधी पोरं हसली. मग एकानं विचारलं, एवढ्या जंगलात आपली म्हैस कळते कशी? ती मुलगी नंतर थांबेना. तिचं गणित काही सुधारलं नाही, पण मागच्या बाकावरून पुढं आली.

फक्त रस्ता नसलेल्या वाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात, तेही फिल्ममध्ये असू दे. नुसतं धुकं आणि ताक नको.

फिल्लमवाला:
१९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटात दिग्दर्शक फ्लाहर्टीनं इनुइट माणसाला भाल्यानं शिकार करायला लावली, त्यांच्याकडं तोवर बंदुका आल्या होत्या. नायकाचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक, जग ओळखतं ते नानूक म्हणून. आपल्याकडं 'जैत रे जैत' घ्या, १९७७ चा. ठाकर आदिवासींची गोष्ट, गाणी आजही घरोघर, पण मुख्य भूमिकांत मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. मला तो सिनेमा आवडतो. ठाकरांनी स्वतः केला असता तर काय निघालं असतं, हे कुतूहल मात्र जात नाही. भाऊराव कऱ्हाडेंच्या 'ख्वाडा' या धनगर कुटुंबावरच्या सिनेमात मुक्काम हलतो तेव्हा खरंच बिऱ्हाड हलल्यासारखं वाटतं.

तेव्हा ओवीवर फिल्म करायची तर कॅमेरा गाणाऱ्याच्या नातवाकडं द्या. मोबाइल त्याच्याकडं आहेच. खर्च करायचा तो माइकवर, माळावरचा वारा सगळी ओवी खाऊन टाकतो.

पापाची तिकटी:
आमच्या शाळेत प्रोजेक्टर हाय, जोडायची वायर नाही. तेवढं बघा पहिलं.

जुनं दप्तर:
सगळे ओवी आणि नाचातच अडकलात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जे समाज जन्मतःच चोर ठरवले होते ते ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाले. तरी आजही चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर. शाहू महाराजांनी १९१८ लाच आपल्या संस्थानात या समाजांनी रोज पोलिसांपुढं हजेरी द्यायची पद्धत बंद केली होती. मुलांना हे सांगणार, का पारध्यांची फक्त शिकारीची गाणी ऐकवणार?

अहमदाबादच्या छारानगरातल्या, म्हणजे विमुक्त छारा समाजाच्या वस्तीतल्या, पोरांनी १९९८ ला बुधन थिएटर सुरू केलं, बंगालमध्ये पोलीस कोठडीत मेलेल्या बुधन शबराच्या नावानं. त्यांना साथ देणारे भाषा-अभ्यासक गणेश देवी आपल्याच शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी. त्या पोरांनी नाच नाही, कोठडी दाखवली. तुमच्या मुख्याध्यापकांना चालेल?

रंकाळाकाठ:
नाही चालणार. एकांनी विचारलंसुद्धा, "त्यात काही नकारात्मक नाही ना?" तरी आठवी-नववीला दाखवणार.

माळावरचा, याझीची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. त्यानं विचारलं ते खरं, पण फिल्म झाल्याच. सुझी बेनाली नावाच्या नावाहो बाईनं आपल्या आईच्या विणकामावर केली. बाहेरचा असता तर माग आणि नक्षी दाखवून मोकळा झाला असता. तिच्या फिल्ममध्ये मेंढरं आहेत, लोकर आहे, रंगासाठी मुळ्या खणणं आहे आणि चालणं, नुसतं चालणं. प्रत्यक्ष विणणं त्या मानानं थोडंच. तुमचा चारा, अवकाळी, पडलेले माग असेच येतील की! कॅमेरा तुमच्या पोरांकडं असेल तर कोण अडवणार? तहसीलदाराचं काम मात्र फिल्मकडून मागू नका.

माळावरचा:
तहसीलदार करत नाही म्हणून मागतोय.

बरं, द्या पोरांकडं, मी चुलत्याशी बोलतो. पण गाणाऱ्याला शाल-नारळ नको. फिल्लमवाल्याला जे पैसे द्याल तेच त्याला, त्याची रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी बकऱ्यांमागं दुसरा माणूस लावावा लागतो. फिल्म मोबाइलवर फिरायच्या आधी वस्तीवर दाखवायची. देवापुढचं काही काढा म्हटलं तर काढायचं, वाद नाही.

आणि जानेवारीत दाखवणार कुणाला? दिवाळीनंतर आमची माणसं कोकणात, खतासाठी लोकांच्या शेतात बकरी बसवत फिरत असत्यात. वस्तीवर म्हातारी माणसं तेवढी.

फिल्लमवाला:
काढा म्हटलं की काढायचं, हे मला मान्य नाही. उद्या पंचांनी एखाद्या बाईचं बोलणंच काढा म्हटलं तर?

माळावरचा:
बाईचं बोलणं बाईला विचारायचं. पंचांना देवाचं विचारायचं.

फिल्लमवाला:
हे लिहून ठेवा कुठंतरी. नंतर बदलतं.

डोंगरातल्या बाई:
माळावर दसऱ्याआधी घ्या, पण आमच्या वाड्यांवर तेव्हा नको. पावसाळाभर वीज येते-जाते, पायवाट निसरडी, प्रोजेक्टर कोण चढवणार? आम्हाला जानेवारीच सोयीचा.

रंकाळाकाठ:
म्हणजे दोन फिल्म आणि दोन हंगाम. माळावरची दसऱ्याआधी बिरदेवाच्या देवळासमोर, वाड्यावरची जानेवारीत. दोन्ही तिथं दाखवून झाल्या की शाळा, आणि शाहू स्मारक पार मार्चला. परीक्षा आल्या म्हणून मुख्याध्यापक ओरडतील, ओरडू देत. वाऱ्यासाठी केसाळ टोपडं असलेला माइक कुणाकडं पडून आहे का?

पापाची तिकटी:
माइक हाय. वायर नाही.