गावात फक्त जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायची मिल) आहे, एमटेकच्या आधी अनुभव कुठून आणू?

तिसरं_वर्ष_मेकॅनिकल: यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकतो. लॅबमधली निम्मी यंत्रं बंद आहेत. पुढं आयआयटी नाहीतर नागपूरच्या व्हीएनआयटीत (एनआयटी) एमटेक, जमलं तर एमएस रिसर्च (संशोधनावरची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे. एक एजन्सी सहा हजारांत चार आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट देते. घेऊ का? इकडं जिनिंग सोडलं तर काहीच नाही.

कोराडी_युनिट: सहा हजार खिशात ठेव भाऊ. मुलाखतीत त्या सर्टिफिकेटावर दुसरा प्रश्न आला की गाडी अडते.

एनआयटीचं एमटेक सीसीएमटीतून (एनआयटींची सामाईक प्रवेश प्रक्रिया), गेट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर मिळतं. तिथं अनुभव कोणी विचारत नाही. आयआयटीला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो, सीओएपी या सामाईक पोर्टलवर फक्त ऑफर येतात. अनुभवाचा कस लागतो तो एमएस रिसर्चच्या मुलाखतीत. गेट तिसऱ्या वर्षालाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून पहिली परीक्षा याच वर्षी देऊन टाक. गेटवरच्या एमटेकला दरमहा १२,४०० विद्यावेतन आहे, घरी सांगायला बरं पडतं.

रुई_सरकी: "जिनिंग सोडलं तर काहीच नाही" कसं? डबल रोलर जिन, म्हणजे दोन रोलरचं सरकी काढायचं यंत्र, हीच लॅब समज. प्रश्न एकच घे: कापसातला ओलावा बदलला की किलो रुईमागे वीज किती बदलते आणि उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) किती?

एकाच गंजीतला कापूस घे. प्रत्येक ओलाव्याला ३० किलोच्या तीन फेऱ्या कर. ओलाव्याचं मीटर घेतलंस तरी काही नमुने १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून ताडून पहा, नाहीतर मीटरवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार? फेरीनंतर रुई, सरकी, कचरा वेगवेगळे तोल. बेरीज ३० किलोच्या बरीच खाली आली तर फेरी बाद. एक तर वजन चुकलं, नाहीतर या फेरीचा माल यंत्रात अडकून राहिला.

आता विजेचं. क्लॅम्प मीटरच्या अँपिअरवरून किलोवॅट काढू नको. कमी भारावर मोटरचा पॉवर फॅक्टर (करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा) पडतो, करंट तेवढा कमी होत नाही आणि वीज उगाच जास्त दिसते. थ्री-फेज एनर्जी मीटर लाव, जोडणी मिलच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे. यंत्र रिकामं चालवून एक नोंद ठेव, ती वजा केल्यावरच जिनिंगची खरी वीज कळते. साधारण ६ ते ८ टक्के ओलावा बरा. त्याच्या वर रुई रोलरला गुंडाळते, फार कोरडा असला तर तंतू तुटतो. रोलर आणि चाकूचं सेटिंग मध्येच बदललं की सगळा डेटा वाया, म्हणून रोज सकाळी मोजून लिही.

तिसरं_वर्ष_मेकॅनिकल: मालक आत येऊ देईल का?

रुई_सरकी: दिवाळीनंतर गाड्यांची रांग असते तेव्हा नको जाऊ. फेब्रुवारीच्या अखेरीस आवक ओसरली की विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. गेटही तोवर होऊन गेलेली असते. मालकाला एका पानात मराठीत निकाल देईन म्हण, विजेच्या बिलाचा विषय निघाला की लोक ऐकतात. चोक झालेल्या जिनमध्ये हात घालू नको, मोटर बंद, आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बंद, मग बाकी. सैल बाह्या नकोत.

वर्धा_वर्कशॉप: नागपूरला सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे आणि वर्ध्याला एमगिरी ही ग्रामीण उद्योगांची संस्था. आधी दोन पानांचा आराखडा पाठव: प्रश्न काय, मोजणार काय, कशानं. "सर, इंटर्नशिप द्या" अशा मेलला उत्तर येत नाही. विज्ञान अकादमींची समर फेलोशिपही पहा. अर्ज बहुतेक नोव्हेंबरात बंद होतात, जाहिरातीवर लक्ष ठेव.

शिफारसपत्र मात्र ज्या सरांनी तुझी वही पाहिली त्यांचंच घे. प्राचार्यांच्या पत्रात "हुशार, मेहनती" एवढंच असतं. तारखेनिशी कच्च्या नोंदी, बिघडलेल्या फेऱ्यांसकट, त्या सरांना दर पंधरा दिवसांनी दाखवत जा.