पहिलं जुनं घड्याळ ऑनलाईन घेतेय : डायल मूळची की रंगवलेली? (मदत हवी आहे)

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

स्मार्टवॉचला कंटाळले आहे. रोज रात्री त्याला चार्जिंगला लावायचं आणि सकाळी त्यानेच मला सुनवायचं की काल झोप कमी झाली. म्हणून एखादं जुनं, मशीनचं घड्याळ घ्यायचं ठरवलंय. बजेट सर्व्हिसिंग धरून पाच हजारांच्या आत. घरात कुणाला यातलं कळत नाही आणि नाशकात अशी घड्याळं विकणारं कुणी माझ्या माहितीत नाही, त्यामुळे ऑनलाईनच बघतेय. सध्या दोन घड्याळांवर घोडं अडलंय.

पहिलं एचएमटी पायलट, १,८०० रुपये. डायल गडद निळी, आकडे पांढरे, १७ ज्युएल्स (मशीनमधले खडे), पॅराशॉक (धक्का सोसणारी रचना). त्याच विक्रेत्याकडे हेच घड्याळ पोपटी, केशरी आणि लाल डायलमध्येही आहे. वर्णनात लिहिलंय, 'दुर्मिळ, एअर फोर्स सप्लाय, कंपनी बंद, शेवटचे नग'.

दुसरं सिको ५, ३,२०० रुपये. ऑटोमॅटिक, वार-तारीख, डायल मोरपंखी. मागच्या झाकणावर ७००९ ने सुरू होणारा नंबर आहे. 'फुल्ली रिस्टोअर्ड अँड सर्व्हिस्ड'. विक्रेता म्हणाला, "मॅडम, रोज सकाळी चावी द्या, दिवसभर बघायला नको."

दोघेही मुंबईचे. फोटो इतके चकाचक आहेत की त्याचीच भीती वाटतेय. शेजारचे काका म्हणतात एचएमटी डोळे झाकून घे. पण डोळे झाकायचे नाहीत म्हणून तर इथे विचारतेय. नेमकं काय तपासायचं? कोणते फोटो मागायचे? जाणकारांनी कृपया सांगावं.

घड्याळजीचा_मुलगा

ताई, आधी एक विचारतो. वेळ बघायला हवंय की जसं कारखान्यातून निघालं तसंच्या तसं हवंय? या दोन गोष्टींचा बाजारही वेगळा आणि भावही वेगळा.

या किमतीत अख्खं घड्याळ नकली असणं कमी. मशीन बहुधा खरंच असतं. लबाडी असते ती डायलमध्ये. जुनी, डाग पडलेली डायल घासून काढतात, वर नवा रंग मारतात आणि नाव पुन्हा छापतात. यालाच रिडायल म्हणतात. जाहिरातीत 'रिस्टोअर्ड' दिसलं की मी आधी 'रंगवलेलं' असंच वाचतो. रंगवणं हा गुन्हा नाही, आमच्या दुकानातही गिऱ्हाइकं हौसेने करून घ्यायची. पण ते न सांगता 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही फसवणूक.

पायलटबद्दल. जुन्या पायलटची ओळख म्हणजे काळी डायल आणि पांढरे आकडे. जुना माल म्हणून पोपटी-केशरी पायलट कुणी दाखवला तर मी थांबतही नाही. एकाच माणसाकडे एकच घड्याळ चार रंगांत आहे, यातच सगळं आलं. एअर फोर्सचं म्हणत असेल तर कागद दाखव म्हणावं.

'कंपनी बंद, शेवटचे नग' हेही अर्धसत्य. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला, आणि एचएमटी वॉचेस ही कंपनी गुंडाळायचा निर्णय २०१६ चा, हे खरं. पण एचएमटीच्या नावाने घड्याळं आजही विकली जातात, त्यात पायलटही असतं. जुनी तर देशभर घराघरांत पडून आहेत. दुर्मिळ कसली! सिटिझनचं तंत्र म्हणून मशीन सिटिझनसारखं दिसलं तर घाबरू नका, ब्रिजवर, म्हणजे मशीनच्या वरच्या पट्टीवर, एचएमटी कोरलेलं आहे का तेवढं बघा.

आता सिको. ७००९ ला हाताने चावी बसतच नाही! ते मनगटाच्या हालचालीवर भरतं. थांबलं असेल तर हलक्या हाताने हलवायचं, की चालू होतं. चावी ओढायची ती फक्त वेळ आणि वार-तारीख लावायला. तेव्हा 'रोज सकाळी चावी द्या' म्हणणाऱ्याने एकतर ते घड्याळ कधी घातलेलं नाही, किंवा आत भलतंच काही आहे.

सिकोचं एक बरं असतं, सगळं नंबरांत लिहिलेलं असतं. झाकणावर चार आकडे, आडवी रेघ आणि पुढे चार अक्षरं-आकडे. पहिले चार मशीनचे, पुढचे केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या खोक्याचे. झाकण उघडल्यावर मशीनवरही ७००९ दिसायला हवं. आणि डायलच्या अगदी तळाशी, ६ च्या दोन्ही बाजूंना, मुंगीएवढ्या अक्षरांत जपान आणि एक नंबर असतो, त्याचीही सुरुवात ७००९ च हवी. पुढचे आकडे झाकणाशी जुळले नाहीत तरी चालेल. रंगवलेल्या डायलवर ही बारीक ओळ बहुतेक वेळा नसतेच, किंवा शाई फुटलेली असते. तीन ठिकाणी एकच चार आकडे, एवढं जुळलं तरी निम्मा गाळ बाजूला पडतो. झाकण ६३०९ चं आणि मशीन ७००९ चं, अशी लग्नंही सर्रास लावलेली असतात.

झाकणावर सहा आकड्यांचा आणखी एक नंबर असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र आपण ताडायचं.

अण्णा_सातारकर

पहिलं घड्याळ ऑनलाईन घेऊच नये या मताचा मी आहे. हातात घ्या, कानाला लावा, चावी फिरवून बघा. फोटोत काय कळतंय डोंबल?

पिंपळपान

अण्णा, पटतंय. पण हातात घेऊनही मला काही कळणार नाही, ही खरी अडचण आहे. निदान फोटो इथे टाकून विचारता तरी येईल.

दादा, सविस्तर उत्तराबद्दल खूप आभार. नंबर नसेलच छापलेला तर नुसत्या नजरेने रिडायल ओळखता येते का?

तिरपी_रेघ

मी सांगते, कारण माझा छपाईचा धंदा आहे आणि घड्याळांचा नाद त्यातूनच लागला.

फोटो मोठा करून नाव वाचा. कारखान्यातल्या अक्षरांच्या कडा कापल्यासारख्या असतात, जाडी सगळीकडे सारखी. हाताने पुन्हा छापलेलं नाव किंचित सुजल्यासारखं दिसतं. मग मिनिटांच्या बारीक रेघा बघा. तासाची रेघ त्या तासाच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येते का? रिडायलमध्ये १२ ला जुळते आणि ४-५ पर्यंत येता येता सरकलेली असते. हे एकदा दिसायला लागलं की मग नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या, बँकेतल्या मॅनेजरच्या घड्याळातही दिसत राहतं, त्याला इलाज नाही.

तारखेच्या खिडकीची कड बघा, तिथे रंगाचा जाड थर साचतो. काट्यांच्या मधल्या भोकाभोवतीही तेच.

आणि रेडियम. काट्यांवरचं पिवळं-तपकिरी झालंय आणि डायलवरचं पांढरंशुभ्र, तर दोघांचं वय एक नाही.

फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढायला सांगा, एक सरळ आणि एक तिरका. फिल्टर नको. शेजारी त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे फोटो दुसऱ्याच्या घड्याळाचे नाहीत हे कळेल. झाकण उघडून मशीनचा फोटो मागायचाच. "उघडलं तर धूळ जाईल" म्हणाला तर समजून जा, सर्व्हिस करताना नाही का उघडलं?

न्यूजर्सीकर

इकडच्या संग्राहकांत असल्या रंगीबेरंगी घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असं नावच पडलंय. मूळ मुंबईकर म्हणून ऐकायला बरं वाटत नाही. नवख्यांना पहिला सल्ला तोच मिळतो, भारतातून येणारं चकचकीत सिको ५ घेऊ नका. मात्र त्याच मुंबईतून आलेलं, डाग पडलेल्या डायलचं एक फाव्र-ल्युबा (जुनी स्विस कंपनी) माझ्याकडे आहे आणि ते पूर्ण मूळचं आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. डाग असलेलं स्वस्त मिळतं आणि त्याची खात्रीही जास्त असते, हा माझा अनुभव.

अण्णा_सातारकर

पैसे कसे देणार ते कुणी बोललंच नाही. अनोळखी माणसाला थेट यूपीआय करू नका. ज्या साईटवर माल परत करता येतो तिथूनच घ्या आणि व्यवहार तिथेच ठेवा. "साईटबाहेर घ्या, पाचशे कमी करतो" म्हणाला की पाठ फिरवा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करायचा, दोन दिवस विचार करत बसायचं नाही.

पिंपळपान

अपडेट. निळ्या पायलटवाल्याने पुन्हा जाहिरातीतलेच फोटो पाठवले आणि वर "लेना है तो बोलो". तो विषय संपला.

सिकोवाला मात्र सज्जन निघाला. झाकण उघडून फोटो दिला, मशीनवर ७००९ए स्पष्ट आहे. झाकणावरही ७००९. सहा आकडी नंबर ८ आणि डी ने सुरू होतो. पण डायलच्या तळाशी काहीच नाही, एकदम कोरं. काट्यांवरचं रेडियम मळकट आणि डायलवरचं पांढरं, तिरपी_रेघ म्हणाल्या तसंच. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, डायल रिफिनिश, म्हणजे रंगवलेली, आहे. आता २,४०० म्हणतोय. घेऊ का?

शिवाय नागपूरच्या एका गृहस्थांचं काळं पायलट सापडलंय, १,५००. त्यांच्या वडिलांचं होतं म्हणतात. काचेवर खूप चरे, डायलवर ९ जवळ तपकिरी डाग. चालतं, पण रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं.

घड्याळजीचा_मुलगा

८ आणि डी म्हणजे डिसेंबर १९७८ किंवा १९८८. ७००९ दोन्ही दशकांत बनत होतं, त्यामुळे त्यात खोट नाही. माणूस विचारल्यावर खरं बोलला, हेही जमेला धरा. पण विचारल्यावर. रंग आवडला असेल आणि नुसतं घालायचं असेल तर घासाघीस करून घ्या. उद्या विकायला गेलात तर रंगवलेल्या डायलला भाव मिळत नाही, हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर नागपूर. चार-पाच मिनिटं मागे पडणं हे बहुतेक वेळा तेल सुकल्याचं लक्षण, ऑइलिंग केलं की सुधारतं. पायलटला रोज चावी द्यावी लागते. पूर्ण भरलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत न थांबता चाललं पाहिजे, तेवढा व्हिडिओ मागा. काच प्लॅस्टिकची असते, चरे पॉलिशने जातात, नाही गेले तर नवी काच स्वस्तात बसते. एचएमटीचं काम कुठलाही जुना घड्याळजी करतो आणि सुटे भागही मिळतात. फक्त त्याला बजावून सांगा की डायलला हात लावायचा नाही. हौसेने 'चमकवून देतो' म्हणणारे असतात, आमचे वडीलही त्यातलेच.

सर्व्हिसिंग झाल्यावर सुद्धा दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होणार, त्यावर रुसू नका. आणि पावसात नेऊ नका, वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी.

तिरपी_रेघ

नागपूरला +१. ९ जवळचा डाग मला तर आवडला.

पिंपळपान

नागपूरवाल्यांना मशीनचा आणि झाकणाचा फोटो मागितलाय. घड्याळ उघडायची चावी त्यांच्याकडे नाही, उद्या दुकानात जाऊन उघडून घेतो म्हणाले. पैसे साईटवरूनच घ्यायला तयार आहेत.

नाशकात मेन रोड किंवा पंचवटीकडे जुन्या घड्याळांचं काम करणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घड्याळजीचा_मुलगा

व्यनि केलाय. मशीनचा फोटो आला की इथेच टाका, आणि बॅलन्सच्या चाकाजवळ गंज आहे का ते दिसेल इतपत मोठा काढायला सांगा.