शब्दचर्चा : 'देवळातलं संग्रहालय' म्हणावं का?

उंबरठा : दिवाळी अंकासाठी तैवानवर लेख लिहितेय आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. चियायी शहराच्या बागेत, जपानी अमदानीतल्या शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळाच्या आवारात, शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. मी लिहिलं, 'जीर्णोद्धार केलेल्या जपानी देवळात हे संग्रहालय आहे.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग देव कुठे हलवला?" तेव्हापासून 'जीर्णोद्धार' हा शब्द दाताखालच्या खड्यासारखा लागतोय. काय लिहू?

पाटीपेन्सिल : आई बरोबर आहेत. जीर्णोद्धार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवा कळस, पुन्हा प्राणप्रतिष्ठा आणि गावजेवण येतं. देव राहावा म्हणून तो करतात. वास्तू राहावी म्हणून करतात ते जतन किंवा संवर्धन. चिनीत या कामाला 'श्यूफू' म्हणतात, म्हणजे दुरुस्त करून पूर्वस्थितीला आणणं. 'मूळ रूपात दुरुस्त केलेल्या इमारती' लिहा, साधं आहे पण खोटं नाही.

खलबत्ता : 'देऊळ'सुद्धा तपासा. जपानीत शिंतोंचं ते 'जिंजा' आणि बौद्धांचं ते 'तेरा'. आपण दोन्हींना 'मंदिर' म्हणून मोकळे होतो. मी जिंजाला 'देवस्थान' म्हणतो, कारण त्यात गाभाऱ्याबरोबर आवार, वाट, कचेरी सगळं येतं.

उंबरठा : 'देवस्थान' आवडलं, आणि त्यामुळे माझी मोठी चूकही सापडली. मुळात हे संग्रहालय देवळात नाहीच! देवस्थान 1915चं, 1940च्या दशकाच्या सुरुवातीला ते नव्याने मोठं बांधलं. जपानी गेल्यावर मुख्य वास्तूत हुतात्म्यांचं स्मारक झालं, आणि 1994 साली ती आगीत गेली. तिथे आता 62 मीटर उंचीचा मनोरा आहे. शिल्लक राहिल्या त्या बाजूच्या दोन लाकडी इमारती. त्यात मध्यंतरी लष्करी रुग्णालय होतं, 2001 साली संग्रहालय आलं. जपानीत एकीचं नाव 'शामुशो' आणि दुसरीचं 'साइकान'. शामुशो म्हणजे देवस्थानची कचेरी, तो प्रश्न सुटला. पण साइकान? मी 'शुद्धीगृह' लिहिलंय.

पाटीपेन्सिल : शुद्धीगृह नको हो, पाण्याच्या टाकीवरची पाटी वाटते. साइकानात काय चालायचं ते बघा. मोठ्या विधीच्या आधी पुजारी तिथे येऊन राहायचे. आंघोळ, ठरावीकच खाणं, बाहेरच्यांशी संपर्क नाही. काटेकोर पाळायचं तर स्वयंपाकाचा विस्तवसुद्धा वेगळा. अक्षरशः वेगळी चूल! याला आपल्या आजीने काय म्हटलं असतं?

खलबत्ता : सोवळं.

पाटीपेन्सिल : तेच. 'सोवळ्याचं घर'.

गवतीचहा : थांबा. सोवळं म्हटलं की ओवळं आलं, आणि त्यामागे कोणाला दाराबाहेर ठेवलं तेही आलं. आमच्या घरात हा शब्द कधीच निरागस नव्हता. साइकानातला नेम विधीपुरता, चार दिवसांचा. तुमचं सोवळं जन्माला चिकटलेलं. जपानी इमारतीवर आपला इतिहास कशाला लादता?

पाटीपेन्सिल : मुद्दा मान्य, आणि माझ्या लक्षात यायला हवा होता. मग 'व्रत'? 'साइकान'मधला 'साइ' म्हणजे चिनीतला 'च्झाय', अक्षर एकच. तैवानमध्ये आजही 'च्झाय खाणं' म्हणजे शाकाहार करणं. आणि गंमत अशी की चिनी बौद्धांनी 'उपोसथ'साठी, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवसासाठी, हेच अक्षर वापरलं. उपोसथ आणि आपला उपवास सख्खे भाऊ आहेत. म्हणजे फिरून शब्द घरीच आला, तोही ओवळ्याशिवाय.

उंबरठा : 'व्रतस्थांचं घर'! चालेल की. जरा भारदस्त आहे, पण खालच्या ओळीत नेम काय होता ते सांगून टाकते.

चिंचोका : मी उशिरा आलो. देवस्थानच्या वाटेवर दगडी सिंह आहेत ना, कोमाइनू? अशा जोडीतल्या एकाचा जबडा सहसा उघडा आणि दुसऱ्याचा मिटलेला असतो. त्याला जपानीत 'आ-उन' म्हणतात. ते संस्कृतातले 'अ' आणि 'हूं' आहेत, बौद्ध मंत्रांबरोबर गेलेले. लेखात घालाच. मात्र जपानी कमान 'तोरी' म्हणजे आपलं 'तोरण' असं ठोकून देऊ नका. ती व्युत्पत्ती सांगणारे पुष्कळ भेटतात, पण शब्द लिहितात 'पक्षी' आणि 'असणं' या दोन अक्षरांनी. उच्चार जुळले की नातं जुळलं, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

उंबरठा : हं, ते वाक्य कालच लिहिलं होतं. खोडते. शेवटचं एक. संग्रहालयाच्या नावात 'म्युझियम'साठीचा नेहमीचा चिनी शब्द नाही. आहे 'शृजी त्झल्याओ ग्वान'. शृजी म्हणजे ऐतिहासिक स्थळं, अवशेष. त्झल्याओ म्हणजे माहिती, सामग्री. ग्वान म्हणजे भवन.

खलबत्ता : मग मराठीत शब्द तयार आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या वेळेपासून आपण कागदपत्रं-बखरींना 'इतिहासाची साधने' म्हणतो. 'इतिहास-साधन भवन' करा. संग्रहालयात वस्तू बघायला जातो, साधनांकडे काहीतरी शोधायला.

गवतीचहा : छान आहे, पण रिक्षावाल्याला सांगून बघा. मजकुरात 'संग्रहालय'च ठेवा, नावाचा अर्थ एकदा सांगा.

उंबरठा : ठरलं. 'देवस्थानची कचेरी आणि व्रतस्थांचं घर या दोन लाकडी इमारती मूळ रूपात दुरुस्त करून त्यांत शहराच्या इतिहासाचं संग्रहालय केलं आहे.' आत्ताच आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कचेरी म्हणजे अभिषेकाच्या पावत्या फाडतात ती?" म्हटलं, हो, साधारण तीच.